प्रस्तावना : लक्ष दुसरीकडे असलेला कुत्रा

दोरीने आखलेले सुमारे ४० फूट रुंद आणि ५० फूट लांब मैदान. आत परीक्षक, एक माणूस आणि त्याच्या डाव्या पायाशी बसलेला बीगल. परीक्षक विचारतात, ‘तयार?’ माणूस मान डोलावतो. ‘फॉरवर्ड’ असा हुकूम येतो, माणूस चालू लागतो आणि बीगलचे नाक खाली जाते. सकाळपासून त्या गवतावरून कितीतरी कुत्री गेलेली असतात, कोणाच्या तरी खिशातून खाऊचा चुरा सांडलेला असतो, रात्री एखादा ससा फिरून गेलेला असतो. माणूस चार पावले पुढे, कुत्रा मागे, मधला पट्टा ताठ. परीक्षकांची पेन्सिल कागदावर फिरते आणि दोरीबाहेरून शेरा येतो, ‘याचं लक्षच नाही.’

हे पुस्तक त्या शेऱ्यापासून सुरू होते, कारण तो चुकीचा आहे. त्या क्षणी मैदानातल्या तिघांत सर्वांत एकाग्र कोणी असेल तर तो बीगलच. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात त्या दहा कोटींच्या पुढे, आणि वासावर काम करणाऱ्या जातींत वीस-तीस कोटींपर्यंत मानल्या जातात. एवढी सगळी यंत्रणा गवतावर जुंपलेली असताना त्याला बेलक्षी म्हणणे अन्यायाचे आहे. लक्ष कुठे द्यावे याचा हिशेब त्याने आपल्यापुरता मांडला आहे आणि त्या हिशेबात पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मागे पडला आहे, एवढेच. हा हिशेब बदलता येतो आणि तो बदलण्याची एक शिस्तशीर, तपासून पाहिलेली पद्धत आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मला सांगायचे आहे ते इतकेच.

ज्यांना हे क्षेत्र अगदी नवे आहे त्यांच्यासाठी आधी खेळाची ओळख. ओबीडियन्स म्हणजे आज्ञापालनाची स्पर्धा. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत तिच्या नॉव्हिस, ओपन आणि युटिलिटी अशा तीन मुख्य पायऱ्या आहेत. पूर्ण गुण २००. उत्तीर्ण व्हायला १७० तर हवेतच, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक मिळवावे लागतात. एका प्रकारात शून्य आणि बाकीच्यांत बाजी असे चालत नाही. असे तीन वेळा जमले की त्या पायरीची पदवी कुत्र्याच्या नावापुढे लागते. पहिल्याच पायरीवर हीलिंग असते : कुत्र्याने डाव्या बाजूला, डोके ते खांदा हा भाग माणसाच्या कमरेच्या रेषेत ठेवून चालायचे, माणूस वळला की वळायचे, वेग बदलला की बदलायचा, थांबला की आपणहून बसायचे. मागे रेंगाळणे, पुढे घुसणे, दूर फाकणे, वाकडे बसणे, वास घेणे या प्रत्येकाचे गुण कापले जातात. खिशात खाऊ न्यायचा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही आणि एकच आज्ञा दोनदा द्यायची नाही.

रॅली हे याच घराण्यातले धाकटे भावंड, स्वभावाने जरा मोकळे. इथे परीक्षक पावलापावलाला हुकूम सोडत नाहीत. मैदानात क्रमांक घातलेल्या पाट्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पाटीवर काय करायचे ते लिहिलेले असते : थांबा आणि बसवा, उजवीकडे पूर्ण गिरकी घ्या, शंकूंमधून नागमोडी जा, कुत्र्याला समोर बोलवा. पहिल्या पायरीवर अशा १० ते १५ पाट्या असतात, वरच्या पायऱ्यांवर २० पर्यंत. स्पर्धा सुरू होण्याआधी स्पर्धकांना कुत्र्याविना मैदानात फिरून मार्ग पाठ करता येतो. सुरुवातीला खात्यावर १०० गुण असतात, चुकीनुसार ते कमी होत जातात आणि ७० उरले की उत्तीर्ण. एखादी पाटी पुन्हा करून पाहायची असेल तर ३ गुण द्यायचे. चुकीची केली तर १० गेले. वेळ मोजतात, पण ती फक्त बरोबरी फोडण्यासाठी. आणि मुख्य म्हणजे चालता चालता कुत्र्याशी बोलता येते, त्याचे कौतुक करता येते.

रॅलीतल्या एका पाटीसमोर वाचकाने थोडे थांबावे असे मला वाटते. तिचे नाव ‘ऑफसेट फिगर एट’. आठ ते दहा फुटांवर ठेवलेल्या दोन शंकूंभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत चालायचे. त्या आठच्या दोन्ही अंगांना दोन झाकलेली भांडी असतात आणि त्यांत कुत्र्याला वेड लावील असा खाऊ असतो; कधी भांड्याशेजारी किंवा त्याऐवजी खेळणी. झाकण घट्ट, त्यामुळे खाऊ मिळण्याची शक्यता नाही, पण वास भरपूर. म्हणजे मोह इथे नियमावलीनेच मांडून ठेवला आहे. लक्ष विचलित होणे हा या खेळातला अपघात नव्हे, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. आणि म्हणूनच ज्याचा कुत्रा सहज विचलित होतो त्याने या खेळापासून दूर राहण्याचे काही कारण नाही.

इतिहासही याच बाजूने बोलतो. १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को येथे हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी वडिलांच्या वाडीवर अमेरिकेतली पहिली आज्ञापालन चाचणी भरवली. त्या पूडल जातीची कुत्री पाळत. केस कातरून नटवलेली ही कुत्री निव्वळ शोभेची, त्यांना अक्कल बेताची, असे लोक म्हणत. त्यांना उत्तर द्यायचे हा वॉकरबाईंचा हेतू. इंग्लंडमध्ये अशा चाचण्या आधीपासून होत होत्या, तिथला नमुना त्यांनी घेतला. पहिल्या चाचणीत आठ कुत्री उतरली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने नियम तयार करून हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला आणि पुढच्याच वर्षी वॉकर व त्यांच्या सहकारी ब्लँच सॉन्डर्स या मोटारीला ट्रेलर जोडून, सोबत पूडल घेऊन, गावोगाव प्रात्यक्षिके दाखवत सुमारे दहा हजार मैल फिरल्या. खेळाचा जन्मच मुळी ‘या कुत्र्याला जमणार नाही’ या वाक्याला दिलेल्या उत्तरातून झाला आहे. रॅलीची कल्पना पुढे चार्ल्स ‘बड’ क्रेमर यांनी मांडली. मोटारींच्या रॅलीसारखा पाट्या वाचत पुढे जाण्याचा हा प्रकार १ जानेवारी २००५ पासून अमेरिकन केनेल क्लबची पदवी देणारी स्पर्धा झाला. २०१० पासून तिथे संकरित आणि बिनवंशावळीच्या कुत्र्यांनाही या स्पर्धांची दारे उघडली. लॅब्रडॉर-जर्मन शेफर्डांच्या बरोबरीने आता कोणाच्याही दारातला कुत्रा मैदानात येऊ शकतो.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास याहून वादळी आहे. १९१० मध्ये जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी पोलीस कुत्र्यांच्या अनुभवावर प्रशिक्षणाचे पुस्तक लिहिले. त्यात सक्तीला मोठी जागा होती, पण वर्तनाच्या परिणामांतून कुत्रा शिकतो हे सूत्रही त्यांनी तेव्हाच नेमके हेरले होते. १९६२ मध्ये विल्यम कोलर यांचे पुस्तक आले. सुरुवातीच्या धड्यांत ते कुत्र्याला लांब दोरी बांधत आणि काही न बोलता एका दिशेने चालू लागत. कुत्र्याचे माणसाकडे लक्ष असेल तर ठीक. नसेल तर दोरीचा हिसका. त्यांच्या पद्धतीशी माझे मतभेद पुढे येतीलच, पण बेलक्षी कुत्र्याचा प्रश्न हा मुळात परिणामांचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखले होते, हे मान्य करायला हवे. माझे भांडण त्यांनी निवडलेल्या परिणामाशी आहे.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून आली. वर्तनाचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात बक्षिसाच्या शास्त्रावर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच उभा केला. हवाईमध्ये डॉल्फिनांना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ मध्ये ‘डोन्ट शूट द डॉग’ लिहून ते शास्त्र सामान्य वाचकाच्या घरात नेले. पाण्यातल्या डॉल्फिनला हिसका द्यायला दोरी नसते आणि रागावून उपयोग नसतो. तो सरळ दुसऱ्या टोकाला निघून जातो. त्यामुळे योग्य क्षणी शिट्टी आणि मग मासा, एवढ्यावरच सगळे शिक्षण उभे करावे लागले. कुत्र्यांच्या प्रशिक्षणात पुढे पसरलेला क्लिकर हा त्या शिट्टीचाच भाऊबंद. तो ‘टक्’ आवाज कुत्र्याला सांगतो : आत्ता, या क्षणी जे केलेस त्याचे मोल मिळणार आहे.

मात्र ब्रेलंड दांपत्याचेच आणखी एक काम आमच्या विषयाच्या मुळाशी आहे आणि नव्या अभ्यासकाने ते विसरू नये. १९६१ मध्ये त्यांनी आपल्या फसलेल्या प्रयोगांचा एक निबंध लिहिला. डुकराला लाकडी नाणे उचलून गल्ल्यात टाकायला शिकवले होते. सुरुवातीला ते झपाझप टाकी. काही आठवड्यांनी मात्र वाटेतच नाणे खाली पाडून नाकाने उकरू लागले. रॅकून नाणी टाकायच्या ऐवजी हातात धरून एकमेकांवर घासत बसला. बक्षीस तेच, शिकवणारे तेच, तरी उपजत वागणे वर आले. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. या निबंधाने ती म्हण जवळजवळ सिद्धच केली. बीगलचे खाली जाणारे नाक हे असेच शेपूट आहे. आपल्याकडे लातूर भागात सांभाळलेला कारवानी घ्या. तो नजरेने शिकार करणारा कुत्रा. त्याला गवतातल्या वासापेक्षा दूरवर हललेली सावली अधिक ओढते. प्रत्येक कुत्र्याचा मोह वेगळा आणि त्याची मुळे पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीत आहेत. प्रशिक्षण ही मुळे उपटू शकत नाही. ती कुठल्या मातीत, कधी आणि कोणाच्या परवानगीने पसरतील हे मात्र ठरवू शकते.

याच ठिकाणी एका लोकप्रिय यादीबद्दल सावध करतो. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांच्या पुस्तकात कुत्र्यांच्या जातींची बुद्धीनुसार क्रमवारी आली. बॉर्डर कॉली पहिला, बीगल तळातल्या जातींत, अफगाण हाउंड सर्वांत शेवटी. ही क्रमवारी आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना प्रश्नावली पाठवून तयार झाली होती. म्हणजे तिने मोजले ते काम आणि आज्ञापालन. माणसाच्या आज्ञेवर, माणसाच्या मैदानात, माणसाच्या वेळेवर. सशाचा माग काढण्याची परीक्षा घेतली असती तर यादी उलटी झाली असती. गंमत अशी की या खेळातही पुढे नाकाला मान आहे. युटिलिटीच्या पायरीवर चामड्याच्या आणि धातूच्या एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या ढिगातून आपल्या माणसाचा हात लागलेली वस्तू कुत्र्याने वासाने शोधून आणायची असते. नॉव्हिसमध्ये ज्या नाकाने गुण घालवले, तेच नाक तिथे गुण आणते.

आता पद्धतीकडे. वर ‘हिशेब’ हा शब्द मी वापरला तो अलंकार म्हणून नव्हे. १९६१ मध्ये रिचर्ड हर्नस्टाइन यांनी कबुतरांसमोर दोन कळा ठेवल्या. प्रत्येक कळीवर दाणे मिळण्याचे प्रमाण वेगळे. कबुतरांनी आपल्या चोची त्याच प्रमाणात वाटल्या. जिथून जितके मिळते तिथे तितके वागणे खर्च होते, असा त्याचा अर्थ. बीगलच्या समोरही अशाच दोन कळा आहेत : जमीन आणि माणूस. जमीन प्रत्येक श्वासाला काहीतरी देते, उधारी ठेवत नाही. माणूस दहा मिनिटांनी एकदा ‘शाब्बास’ म्हणतो आणि तेही विसरला नाही तर. मग कुत्रा जमीन निवडतो यात नवल कसले? म्हणून पहिले काम म्हणजे माणसाकडे पाहण्याचा भाव वाढवणे : सुरुवातीला वारंवार, चटकन आणि कुत्र्याला खरोखर आवडेल अशा बक्षिसाने. रोजच्या जेवणातल्या कोरड्या गोळ्यांवर हा बाजार चढत नाही. उकडलेले चिकन किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे लागतात.

दुसरे काम याहून रोचक आहे. डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की जे वागणे प्राणी आपणहून अधिक करतो, ते कमी केल्या जाणाऱ्या वागण्याचे बक्षीस होऊ शकते. जेवण झाल्याशिवाय खेळायला जायचे नाही, हा प्रत्येक आईला ठाऊक असलेला कायदा. तो इथे कसा चालतो ते जवळून पाहू. बागेतली वाट, कडेला दिव्याचा खांब, खांबाच्या बुडाशी बीगलचे नाक. माणूस ओढत नाही, हाक मारत नाही. पट्टा आणखी पुढे जाऊ देत नाही आणि उभा राहतो. अर्धे मिनिट काही घडत नाही. मग एक कान मागे फिरतो. नाकपुड्यांची फुरफुर थांबते. डोके वर येते, कुत्रा क्षणभर माणसाच्या तोंडाकडे पाहतो. त्याच क्षणी क्लिकर वाजतो आणि माणूस म्हणतो, ‘जा, घे वास.’ बक्षीस म्हणून तोच खांब परत मिळतो. दुसऱ्या खांबाशी हा विराम लहान होतो, पुढे पुढे कुत्रा खांब दिसताच आधी वर पाहू लागतो. मोहालाच माणसाच्या हातातले नाणे केल्यावर मोह आणि माणूस यांचे वैर संपते. लेस्ली मॅकडेव्हिट यांनी २००७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेला ‘बघ तिकडे’ हा खेळ याच जातीचा : दुसरा कुत्रा दिसला की त्याच्याकडे शांतपणे पाहिल्याबद्दलच शाबासकी, आणि खाऊ मात्र माणसाच्या हातात. थोड्याच काळात दुसरा कुत्रा दिसणे हीच माणसाकडे वळण्याची खूण होते.

तिसरे काम संयमाचे. कुत्रा स्वयंपाकघरात शिकलेले अंगणात विसरतो. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस पहिल्यांदा समुद्रात उतरतो तेव्हा त्याचे हात तेच असतात, पाणी बदललेले असते. म्हणून अंतर, कालावधी आणि व्यत्यय या तीन गोष्टी एकेक करून वाढवायच्या. एक वाढवली की उरलेल्या दोन कमी करायच्या. कुत्रा ‘बस’वर घरात एक मिनिट बसतो म्हणून भाजी मंडईच्या तोंडाशी तो एक मिनिट बसेल अशी अपेक्षा धरू नये, तिथे तीन सेकंद बसला तर ते घरच्या मिनिटाहून मोठे यश आहे.

आणि घाई नको. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ४४ बीगलांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवले, काहींना रोज. काहींना एका वेळी एकच सत्र, काहींना लागोपाठ तीन. आठवड्यातून एक-दोनदा आणि एकाच छोट्या सत्रात शिकलेल्या कुत्र्यांना तेच काम कमी सत्रांत आले. रोज तासभर घाम गाळणाऱ्या उत्साही मालकांसाठी हा निष्कर्ष मी पहिल्याच प्रकरणात ठेवला आहे.

उत्तेजनेचा प्रश्नही असाच उलटा आहे. कुत्र्याला जोश यावा म्हणून मैदानाबाहेर उड्या मारायला लावणारे स्पर्धक नेहमी दिसतात. एमिली ब्रे, इव्हन मॅक्लीन आणि ब्रायन हेअर यांनी २०१५ मध्ये दाखवले की आवाज चढवून उत्तेजित केल्यावर शांत स्वभावाच्या, मदतनीस म्हणून तयार केलेल्या कुत्र्यांचा आत्मसंयम सुधारला. घरगुती, आधीच उसळत्या कुत्र्यांचा मात्र ढासळला. म्हणजे एकाला जे टॉनिक ते दुसऱ्याला विष. आपला कुत्रा कोणत्या बाजूचा आहे हे आधी ओळखायचे. उसळत्या कुत्र्याला मैदानात जाण्यापूर्वी एखाद्या कोपऱ्यात सावकाश वास घेऊ द्यावा. शार्लोट द्युराँतों आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या २०१९च्या अभ्यासात दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री संदिग्ध प्रसंगात अधिक आशावादी वागली. त्याच काळात हीलिंगचा सराव केलेल्या कुत्र्यांत तसा बदल दिसला नाही. आमच्यासारख्या हीलिंगवेड्यांनी हे वाचून नाक मुरडू नये. कुत्र्याच्या आठवड्यात हीलिंगइतकीच नाकालाही जागा हवी, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

एवढे सगळे केल्यावर या खेळातला खरा पेच उभा राहतो. ज्या बक्षिसांवर शिक्षण उभे केले ती अमेरिकन केनेल क्लबच्या मैदानात नेता येत नाहीत. अननुभवी माणूस घरी शंभरदा खाऊ देतो आणि स्पर्धेच्या दिवशी एकदम काहीच नाही. कुत्र्याला हा फरक दोन-तीन स्पर्धांत कळतो : दोरी, पाट्या, वहीवाला परीक्षक दिसले की दुकान बंद. तिथून पुढे जे घडते त्याला लोक ‘मैदानात बिघडला’ म्हणतात. उपाय सरावात आहे. खाऊ अंगावरून उतरवून दूर टेबलावर ठेवायचा. आधी दोन पावले, मग एक वळण, मग पाच पाट्या करून दोघांनी मिळून तिथवर पळत जायचे. कुठल्या तुकड्यानंतर पळायचे हे कुत्र्याला कधीच आधी कळू द्यायचे नाही. पाट्या, दोरी, अनोळखी माणसाची वही हे सगळे सरावात असे मिसळायचे की स्पर्धेचे मैदान हेच बक्षिसाच्या वाटेवरचे ठिकाण वाटावे. हा भाग पुस्तकात सर्वांत विस्ताराने आला आहे, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

शिक्षेबद्दलची माझी भूमिका आडपडदा न ठेवता सांगतो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिसके, दटावणी, विजेचा पट्टा अशा साधनांनी शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली. वेल्समध्ये २०१० पासून विजेच्या पट्ट्यावर बंदीच आहे. स्पर्धक म्हणून आणखी एक व्यावहारिक कारण माझ्याकडे आहे. हीलिंगचे गुण केवळ जागेवर नसतात. रेंगाळणाऱ्या, शेपूट पाडून चालणाऱ्या कुत्र्याचे अर्धा-अर्धा गुण करत खूप गळते. भीतीने सरळ चालणारा कुत्रा बहुधा मागेच राहतो. शिवाय मैदानात हिसका देता येत नाही, हे त्यालाही खाऊच्या नियमाइतकेच लवकर कळते.

मराठी वाचकासाठी हे पुस्तक लिहिताना काही गोष्टी नव्याने विचारात घ्याव्या लागल्या. आपल्या परंपरेत नामदेव तुपाची वाटी घेऊन भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले. खंडोबाच्या चित्रात कुत्रा घोड्याबरोबर असतो. करुणा आणि राखण ही दोन्ही नाती आपल्याला ओळखीची आहेत. सोबत खेळण्याचे नाते शहरी घरांत आता रुजते आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या छत्राखाली आज्ञापालनाच्या चाचण्या होतात, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना तर आठवड्याच्या सुटीत गाडीने जाता येईल इतक्या जवळ रॅलीची मैदाने आहेत. पण पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीच्या फाटकाबाहेर जे व्यत्यय आहेत ते परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत : गल्लीगल्लीची हद्द राखणारी कुत्री, कचराकुंडीजवळची कोंबडीची हाडे, भाद्रपदातले ढोल, दिवाळीतले फटाके, एप्रिल-मे महिन्यांत पाय पोळणारे डांबर. यांतल्या प्रत्येकासाठी पायरीपायरीने सराव दिला आहे. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न मात्र लक्षाचा नसून भीतीचा आहे. त्यासाठी पशुवैद्यांकडे जावे.

आज्ञा कोणत्या भाषेत द्याव्यात, असे नेहमी विचारले जाते. आपल्याकडे हुकूम इंग्रजीत आणि लाड मराठीत असा प्रघात आहे आणि कुत्र्याची त्याबद्दल काही तक्रार नसते. तक्रार दुसऱ्याच गोष्टीची असावी. ‘बस’, ‘बस ना’, ‘बस बघू’, ‘अरे बस की’, ‘बसतोस का आता’ हे आपल्याला एकच वाटते; कुत्र्याच्या कानाला ते पाच वेगवेगळे आवाज आहेत. शिवाय पहिल्या चारांवर काही घडत नाही आणि पाचव्यावर माणूस खरेच चिडतो, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो पाचव्याची वाट पाहतो. भाषा कोणतीही घ्या, आवाज एकच ठेवा आणि एकदाच काढा.

वाचण्याचा क्रम ज्याने त्याने ठरवावा. घरी पहिल्यांदाच कुत्रा आलेल्यांनी लक्षाची प्रकरणे आधी वाचावीत आणि पाट्यांची घाई करू नये. स्पर्धेत उतरून अडलेल्यांनी थेट मैदानातल्या पेचाचे प्रकरण उघडावे. अभ्यासकांना या क्षेत्रात अजून भरपूर मोकळी जमीन आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०२०च्या त्यांच्या एका अभ्यासात अनोळखी माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे, जवळ आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री गेली. मात्र कित्येक कुत्री मुळात जवळच आली नाहीत. कोणीही न शिकवलेली ही कुत्री माणसाचे बोट वाचतात. मग घरात आणलेल्या देशी पिल्लाला लक्ष शिकवताना काय सोपे जाते आणि काय अवघड, हे ज्यांच्या घरी अशी पिल्ले आहेत त्यांनीच सांगायचे आहे.

म्हणून शेवटी एकच आग्रह. सरावाची वही ठेवा. प्रत्येक सत्राची तारीख, जागा, समोर कोणता व्यत्यय होता, तो किती फुटांवर होता आणि कुत्र्याने किती सेकंदांत आपणहून तुमच्याकडे पाहिले, एवढेच लिहा. महिन्याभरात आपला कुत्रा कशापुढे हरतो आणि किती अंतरावर जिंकतो हे त्या वहीत दिसू लागेल, आणि पुढचे प्रकरण कोणते वाचायचे हे तीच सांगेल.